ठिणगीनंतर

स्वयंपाकघरातला लायटर टिचकन दाबला की ठिणगी पडते. एवढ्याशा फटीतली हवा क्षणभर वीज वाहून नेते, इतकंच. पण हाच वायू दाबून दाबून घट्ट केला तर? गेले काही दिवस मी याविषयी वाचते आहे, आणि त्यातली एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये..

ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतील हे वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतं, असं फ्रीडरिश पाशेनने 1889 मध्ये दाखवलं. दाब वाढला की रेणूंची दाटी होते. इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला जागा उरत नाही. म्हणून साधारणपणे, जितकं दाबावं तितका वायू चिवट!

गंमत पुढे आहे. 31 अंश सेल्सियस आणि 73.8 बार दाब ओलांडला की कार्बन डायऑक्साइड ना धड द्रव राहतो ना धड वायू. या अवस्थेला सुपरक्रिटिकल म्हणतात. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी मायक्रोमीटरभर फटीत प्रयोग केले, तेव्हा नेमकं या उंबरठ्यापाशी ठिणगीला लागणारं व्होल्टेज घसरलं. तिथे रेणू सारखे पसरलेले नसतात. कुठे पुंजके, कुठे विरळ जागा. इलेक्ट्रॉनला तेवढी वाट पुरते. सरासरी कितीही भक्कम असेना का!

तरीही नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला सुपरक्रिटिकल नायट्रोजनचा स्विच करून त्यावर विजेचे झटके देऊन पाहिले गेले. विजेच्या मोठ्या स्विचमध्ये वापरला जाणारा सल्फर हेक्साफ्लोराइड हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारपटींहून जास्त तापमानवाढ करतो, त्यामुळे अशा पर्यायांचं मोल मोठं. तिथे प्रश्न दोन होते. हा वायू किती सोसतो? आणि ठिणगी पडून गेल्यावर किती लवकर सावरतो? सुपरक्रिटिकल पदार्थ द्रवासारखा दाट, पण वायूसारखा सहज वाहणारा. त्यामुळे ठिणगीची उष्णता तो चटकन वाहून नेतो आणि पुढच्या झटक्याला तयार होतो.

हा दुसरा प्रश्न मला फार आवडला. आपण माणसांना पहिलाच विचारतो. "किती सोसलं हो तिने!" हे कौतुक आजीबद्दल, मग आईबद्दल ऐकतच मी मोठी झाले. ती कोलमडली तेव्हा सावरायला तिला कोणी उसंत दिली का, हे मात्र कोणी विचारलेलं आठवत नाही. आई आहे अजून. तिला विचारायला हवं.