फयानचा पंचनामा

सरकारी नोकरीची अखेरची काही वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रालगतच्या एका तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर काढली. आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला निसर्ग भेटतो तो बहुधा कागदाच्याच वाटेने. अवर्षण आले की पैसेवारीचे तक्ते, अतिवृष्टी झाली की पडक्या घरांच्या याद्या, आणि वीज पडून बैल दगावला तर त्या बैलाच्या वयाचा व किमतीचा तलाठ्याने घेतलेला जबाब. २००९ च्या नोव्हेंबरात आमच्या किनाऱ्यावरून गेलेले फयान नावाचे चक्रीवादळही मला असेच, आठ दिवसांनी, फायलीत बांधलेले भेटावयाचे. परंतु विधानसभेच्या निवडणुकीचे दप्तर एकदाचे बांधून झाल्यावर तुंबलेल्या कामांपैकी हद्दीच्या एका तक्रारीची स्थळपाहणी करण्यासाठी मी त्याच मंगळवारी, १० तारखेला, खाडीच्या मुखाशी वसलेल्या एका मच्छीमार गावी मुक्कामाला गेलो होतो.

कार्तिकातल्या त्या दिवसांत कोकणचा किनारा एरवी किती सौम्य असतो, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच त्या दिवसाचा विपरीतपणा उमगेल. रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सूर्य वर आल्यावर पडतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, हा तिथला नित्याचा व्यवहार. त्या मंगळवारी मतलई पडलाच नाही. आकाश राखेसारखे झाले होते, दमट उकाडा होता, आणि धक्क्यावर जाळे सांधीत बसलेला एक म्हातारा तांडेल सुई थांबवून म्हणाला, “भाऊसाहेब, खारा आज आला नाही.” मी ते वाक्य गप्पांतले म्हणून ऐकले. खाचरांत कापलेले भात वाळत पडले होते, खळ्यांवर उडव्या रचल्या होत्या, आणि गावातल्या बऱ्याच नौका दोन-तीन दिवसांपूर्वीच खोल पाण्यात गेल्या होत्या. सायंकाळी रेडिओने इशारा दिला, बंदरावर बावटा चढला, पण बावटा किनाऱ्यावरच्या माणसाला दिसतो, आणि मोबाइलचा आवाज किनारा सोडून थोडेसे अंतर गेले की मुका होतो.

बुधवारी पहाटे वारा आग्नेयेकडून इतका जोराने सुटला की मी उतरलो होतो त्या घराची कौले पानांसारखी सरकू लागली. नवल असे की धक्क्यालगतचे पाणी मात्र फारसे उसळत नव्हते, कारण वारा जमिनीवरून येत होता. लाटा दूरवर, पावसाच्या पडद्यापलीकडे उभ्या राहत होत्या. हा वारा जे बाहेर होते त्यांना आणखी बाहेर लोटणारा होता, हे ध्यानात यायला मला बराच अवकाश लागला. धक्क्यावर उभ्या असलेल्या बायकांना तो लागला नाही. पुढे वारा दक्षिणेकडे वळला, मग नैर्ऋत्येला गेला, आणि तेव्हा खाडीच्या मुखातून पाणी आत घुसले. कार्तिक वद्य अष्टमी उलटलेली असल्यामुळे भांगाचे दिवस होते. हेच अमावास्येच्या उधाणावर आले असते तर सखल आळीतली घरे राहिली नसती. नांगरून ठेवलेल्या चार होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या, पोफळी मध्येच मोडून पडल्या, आणि आदल्या दिवशी वाळत असलेले भात खाचरांत तरंगू लागले.

या वादळाची कुंडली मी नंतर, सेवानिवृत्त झाल्यावरच्या रिकामपणात, मांडली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कन्याकुमारीच्या आसमंतात हवेचा दाब कमी झाला, त्याच सुमारास निलगिरीत दरडी कोसळून माणसे गेली, आणि ती हवा अरबी समुद्रात उतरून ९ तारखेस हवामानखात्याने तिला अवदाबाची पदवी दिली. उबदार समुद्राच्या पृष्ठावरची वाफ वर चढते, वर गारठून तिचे पाणी होते, त्या वेळी तिच्यातली कोंडलेली उष्णता मोकळी होऊन हवेला आणखी वर लोटते, आणि रिकाम्या झालेल्या जागी धावणारा वारा पृथ्वीच्या परिवलनामुळे सरळ न जाता आपल्या गोलार्धात डावीकडून उजवीकडे न फिरता उलटा, घड्याळाच्या काट्यांविरुद्ध, भोवंडत जातो. हे एकदा समजले की धक्क्यावर पाहिलेला वाऱ्याचा फेराही समजतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले तर वादळाचे केंद्र आपल्या डाव्या हाताला असते. त्या बुधवारी माझा डावा हात आधी दक्षिणेच्या बाजूला, मग पश्चिमेला आणि शेवटी वायव्येला गेला असता, म्हणजे ते माझ्या समोरून उत्तरेकडे निघून गेले होते. दुपारी चारच्या सुमारास अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान ते जमिनीवर चढले. खालचे ऊन पाणी सुटले, सह्याद्री आडवा आला, आणि १२ तारखेस त्याचे नावही घेण्याजोगे काही उरले नाही.

नाव म्यानमारने सुचवलेले होते. आमच्याकडे पहिल्याच दिवशी लोकांनी त्याचे ‘भयाण’ करून टाकले. त्याचा कमाल वेग ताशी सुमारे ८५ किलोमीटर नोंदला गेला. खात्याच्या कोष्टकात ६२ पासून ८८ पर्यंत नुसते ‘चक्रीवादळ’, आणि ८९ झाले की ‘तीव्र’. म्हणजे फयान अवघ्या चार किलोमीटरांनी तीव्र होता होता राहिले. कोष्टकाला मी दोष देणार नाही, मीही आयुष्यभर कोष्टकेच भरली. आणि ‘सायक्लोन’ हा शब्द ज्याने घडवला तो कलकत्त्याचा हेन्री पिडिंग्टन हाही सागरी न्यायालयात बसून जहाजांच्या रोजनिशा चाळणारा, म्हणजे आमच्याच जातकुळीचा, दप्तरातला माणूस. पण खोल समुद्रातल्या लाकडी नौकेला पंच्याऐंशी आणि एकोणनव्वद यांतला फरक कोणत्या रीतीने जाणवावा, हे मला अजून उलगडलेले नाही.

गुरुवारपासून पंचनामे सुरू झाले. भाताचे झाले, कौलांचे झाले, फुटलेल्या होड्यांचे झाले. कोणी दोन पोफळींच्या चार सांगितल्या, तलाठ्याने त्या तीन लिहिल्या, आणि दोघेही समाधानाने चहा प्यायले. काही नौका मिळेल त्या बंदराचा आसरा घेऊन चार दिवसांनी परतल्या. एक आली नाही. तिच्यावर सहा इसम होते. त्यांचा पंचनामा करण्यासाठी मी त्या नौकेच्या तांडेलाच्या घरी गेलो तेव्हा ध्यानात आले, की पंचनामा हा पुढ्यात असलेल्या वस्तूचा करावयाचा असतो, आणि इथे तर पुढ्यात काहीच नव्हते: ना प्रेत, ना फळी, ना जाळ्याची दोरी. मृताच्या वारसांना मदत देण्याचा हुकूम होता. मृत्यूचा दाखला प्रेतावाचून मिळत नव्हता. आणि ज्याची सात वर्षे काही खबर नाही तो मेला असे मानावे, असे पुराव्याच्या कायद्याचे म्हणणे. सबब मी ‘मृत’ हा रकाना कोरा सोडून शेऱ्यात ‘बेपत्ता’ असे लिहिले. अक्षर वळणदार आले. तांडेलाच्या बायकोने विचारले, “काय लिहिलंत?” मी वाचून दाखवले, तेव्हा तिचा चेहरा एकदम उजळला. त्या शब्दाने तिची मदत अडवली होती, हे मी त्या दिवशी सांगितले नाही. पुढे कचेरीच्या पायऱ्या चढून-उतरून तिला ते कळले असेल.

२०१६ च्या नोव्हेंबरात, नोटा बदलण्यासाठी पेढ्यांपुढे रांगा लागल्या होत्या त्या आठवड्यात, ती पत्ता काढीत माझ्या घरी आली. मुलगा हाताशी आला होता, पण बाप लागला नव्हता त्या पाण्याला तिने त्याला जाऊ दिले नव्हते. तो शहरात रिक्षा चालवीत होता. सात वर्षे पुरी झाली, आता अर्ज लिहून द्या, म्हणाली. मी चष्मा लावला, मजकूर लिहीत गेलो, आणि मृत्यूची तारीख या ओळीवर आल्यावर सवयीने ‘११ नोव्हेंबर २००९’ लिहू लागलो.

तिने माझ्या मनगटावर बोट टेकले. “भाऊसाहेब, त्याच दिवशी कशावरून? पोहायला पट्टीचे होते ते.”

मी लेखणी उचलली. बाहेर अंगणात वारा पडला होता. बऱ्याच वेळाने ती स्वतःच म्हणाली, “बारा घाला,” आणि मी अकराच्या शेवटच्या आकड्यावर गिरवून दोन केला.