मोळीवाल्या म्हातारीची नात

शाळेच्या ग्रंथालयात मी अठ्ठावीस वर्षे नोकरी केली. १९९६ साली अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून लागले, २०२४ साली निवृत्त झाले. मुंबईच्या उपनगरातली मराठी शाळा. मुले बहुतेक कष्टकऱ्यांची. कुणाचे वडील पालिकेच्या सफाई खात्यात, कुणाचे रिक्षावर, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी. निवृत्त झाल्यापासून वस्तीतल्या आयाबाया मला विचारतात, "बाई, आमचा पोरगा नववीत आहे, अभ्यासाशिवाय काही वाचत नाही. त्याला कोणतं पुस्तक देऊ?" उत्तर देताना मला दरवेळी एक मुलगी आठवते. माझे काम मला तिने शिकवले. म्हणून आधी तिची हकिकत सांगते.

आमचे ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली आणि काचेची सहा कपाटे. किल्ल्या माझ्या पर्समध्ये. पुस्तक हरवले तर पदरचे पैसे भरावे लागतील ही धास्ती, त्यामुळे कपाटे उघडी कमी आणि बंदच जास्त. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तासिका. मुले रांगेने यायची, मी हाताला लागेल ते पुस्तक द्यायची आणि नोंदवहीत सही घ्यायची. मोठ्या मुलांसाठी 'श्यामची आई' ठरलेले. चांगले पुस्तक, कुणी तक्रार करणार नाही असे. खरे सांगायचे तर पुस्तक देताना माझ्या मनात मुलाच्या आधी तक्रारीचा विचार यायचा.

२००७ सालची गोष्ट. नववीतल्या एका मुलीने 'श्यामची आई' परत आणले. टेबलावर ठेवले, पण हलेना.

"बाई, एक विचारू? त्यात ती मोळीवाली म्हातारी आहे ना. श्यामची आई त्याला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. ते चांगलं केलं. पण मग घरी येऊन आंघोळ कशाला करायची?"

मी पाठ केल्यासारखे उत्तर दिले. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातला काळ त्याहूनही जुना. त्या काळी त्या घरातल्या बाईने एवढे करणे हीसुद्धा मोठी गोष्ट होती. आणि याच साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले.

तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "हे लिहिणाऱ्याचं झालं. त्या म्हातारीच्या नातीनं लिहिलेलं एखादं पुस्तक आहे का आपल्याकडे?"

मी म्हणाले, "बघते." तरी ती उभीच. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "सहा डिसेंबरला मी तुम्हाला शिवाजी पार्कवर बघितलं होतं. पुस्तकांच्या स्टॉलवर. तुमच्या हातात मोठी पिशवी होती. ती पुस्तकं तुम्ही इथं का नाही ठेवत?"

मला उत्तर सुचले नाही. तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटले.

माझे आडनाव असे आहे की त्यावरून कुणाला काही कळत नाही. नोकरी लागली तेव्हा कुणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पुढे न सांगण्याचीच सवय जडली. स्टाफरूममध्ये आरक्षणावर बोलणे निघाले की मी डबा बंद करून ग्रंथालयात जायची. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्या नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि उघडकीस आल्यावर मार खातो. कॉलेजात असताना ती कथा वाचून मी रडले होते. तेच पुस्तक घरच्या कपाटात ठेवून मी अकरा वर्षे शाळेत तशीच वावरत होते. मला मारायला कुणी आले नव्हते. मी आपली आपणच भ्याले होते.

दुसऱ्या दिवशी घरून चार पुस्तके नेली. दाखल नोंदवहीत 'भेट' म्हणून चढवली, शाळेचा शिक्का मारला.

त्या मुलीला बागूल मात्र मी लगेच दिले नाहीत. पुस्तक चांगले असले तरी ते कुणाला, केव्हा द्यायचे हे पाहावे लागते. बागुलांच्या कथांतली माणसे फार सोसतात, तिथली भाषाही कडक. ते तिला दहावीच्या परीक्षेनंतर दिले. आधी दिली ती अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा'. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या लोकांसाठी धान्य लुटणारा, इंग्रज सरकारशी झुंजणारा फकिरा. ही कादंबरी १९५९ सालची. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. दीड दिवस शाळेत गेलेला हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहीत होता, हे सांगितले तेव्हा वर्गातली मागच्या बाकावरची मुलेही मान वर करून ऐकू लागली. चिरागनगर त्यांना ठाऊक होते. पुढच्या आठवड्यात 'फकिरा'च्या एका प्रतीसाठी चौघे भांडत होते.

मग त्या मुलीला ऊर्मिला पवारांच्या कथा दिल्या. त्यांत 'कवच' नावाची कथा आहे. आंबे विकणारी आई आणि पुरुषांच्या घाणेरड्या बोलण्याने कासावीस झालेला तिचा शाळकरी मुलगा.

पालकसभेच्या दिवशी त्या मुलीची आई ग्रंथालयाच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात भाजीची रिकामी पिशवी.

"बाई, मला वाचता येत न्हाई. पोरगी रात्री वाचून दाखवती. त्या आंबेवालीची गोष्ट म्या दोनदा वाचायला लावली. मी बी रस्त्यावर बसून भाजी इकती. लोक काय काय बोलत्यात ते पोरीला कधी सांगितलं न्हवतं. पण तिला ठावं हाय, हे त्या रात्री कळलं."

जाताना ती म्हणाली, "जयभीम, बाई."

शाळेच्या आवारात मी तोवर हात जोडून नुसते नमस्कार म्हणायची. त्या दिवशी जयभीम म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

काही दिवसांनी स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "बाई, हल्ली तुमच्या ग्रंथालयात एकाच प्रकारची पुस्तके दिसतात." ग्रंथालयात तेव्हा अठराशेच्या वर पुस्तके होती. त्यांतली ही चार. मी म्हणाले, "सर, ती माझ्या लोकांनी लिहिलेली आहेत. आपल्या शाळेत त्यांची मुले शिकतात." सगळे गप्प झाले. मुख्याध्यापकांनी चारही पुस्तके वाचायला मागून नेली. पंधरा दिवसांनी परत केली, चांगले-वाईट काही बोलले नाहीत. पुस्तके कपाटात राहिली. दोघी-तिघी माझ्याशी पूर्वीसारख्या बोलेनाशा झाल्या, हेही खरे. पण त्यानंतर डबा बंद करून मी कधी उठले नाही.

तेव्हापासून माझी पुस्तक देण्याची रीत बदलली. आधी विचारायची, शेवटी कोणती गोष्ट आवडली होती? सिनेमातली असली तरी चालेल. मग ऑफ तासाला पुस्तकाची पहिली तीन पाने मोठ्याने वाचायची आणि थांबायची. ज्याला पुढचे हवे तो मागायला येतो. पन्नास पाने वाचूनही मन लागले नाही तर परत आणायला मुभा. आणि परत आणल्यावर 'काय बोध घेतलास?' असे विचारायचे नाही. त्या एका प्रश्नाने पुष्कळ मुले वाचनापासून पळतात.

ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्या. फुरसुंगीचा हा पोरगा एकदा धावू लागला की वाचणाराही मागून धावतो. थोडी गोडी लागली की व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. ही कादंबरी १९५५ सालची. धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर आणि दुष्काळाने ओस पडत जाणारी वाडी. पुस्तक लहान आहे, मूल दमत नाही. नववी-दहावीच्या मुलांना मिलिंद बोकीलांची २००४ सालची 'शाळा' आपलीच वाटते. त्यात मुलाचे मुलीवर मन जडते म्हणून काही पालक बिचकतात. बिचकू नका. त्या वयात काय होते ते मुलांना ठाऊकच असते. पुस्तकात वाचले तर निदान आपण एकटेच असे नाही हे कळते. आणि 'श्यामची आई'सुद्धा द्या. फक्त त्याच्या शेजारी 'फकिरा' असू द्या, आणि मुलाने आंघोळीचा प्रश्न विचारला तर रागावू नका.

आपल्याकडे पुष्कळ पालक म्हणतात, कथा-कादंबऱ्यांत वेळ कशाला घालवायचा, त्यापेक्षा गाईड वाच. दहा बाय दहाच्या खोलीत मुलाला शिकवणाऱ्या आईबापांची ही काळजी मला समजते. पण चर्नी रोडच्या बागेतली गोष्ट आठवा. शाळकरी भीमराव तिथे वाचत बसायचे. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या मुलाची चौकशी केली आणि त्याला आपल्याजवळची पुस्तके वाचायला देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. ते पाठ्यपुस्तक नव्हते. आधी मुलाची चौकशी, मग हातात पुस्तक. ग्रंथपालाचे काम याहून वेगळे नाही, आणि ते करायला ग्रंथपालच असावे लागते असेही नाही.

ती मुलगी पुढे शिकली. आज ती नोकरी करते. मोळीवाल्या म्हातारीच्या नातीचे पुस्तक तिने अजून लिहिलेले नाही. मागच्या सहा डिसेंबरला स्टॉलवर भेटली, तेव्हा तिच्याही हातात मोठी पिशवी होती. मी विचारले, "कुणासाठी एवढी?"

म्हणाली, "वस्तीतल्या पोरांसाठी. माझ्या घरचं कपाट उघडंच असतं, बाई."