पहिला प्रश्न

गेल्या हिवाळ्यात मांजर्लीच्या एका मैदानावर आमच्या धर्मग्रामातील मुलांचा क्रीडादिन भरला होता. शंभर मीटरच्या शर्यतीत बारा वर्षांचा एक मुलगा शेवटून दुसरा आला आणि धापा टाकीतच वडिलांजवळ गेला. त्याच्याकडे न पाहता वडील म्हणाले, "एवढे महागाचे बूट काय शोभेला घेतले?" मुलाने तेथेच बसून नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि तो अनवाणी चालू लागला.

त्या वडिलांचा आम्हांस राग आला. पुढे महिन्याभराने मिस्सानंतर तोच मुलगा दारात भेटला. त्याच्या शाळेचा खो-खोचा सामना नुकताच होऊन गेल्याचे आम्हांस ठाऊक होते. आम्ही विचारले, "काय रे, जिंकलात का?" मान खाली घालून तो म्हणाला, "फादर, मी आता खेळत नाही." आमचाही पहिला प्रश्न तोच होता! वडिलांनी तो कठोर शब्दांत विचारला, आम्ही हसून; मुलाच्या कानी मात्र दोन्ही सारखेच पोचले असावेत.

यश तरी मुलाला सोसते काय? येथून लोकलने काही स्थानकांवर असलेल्या कल्याणात जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्स याने १८९९ साली केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने मोडला. वडील प्रशांत धनावडे रिक्षाचालक. मुंबई क्रिकेट संघटनेने मुलाला पाच वर्षांकरिता दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. परंतु पुढे त्याचा खेळ मंदावला. तेव्हा २०१७ साली वडिलांनीच संघटनेला पत्र लिहून ती थांबविण्याची विनंती केली. अपेक्षेप्रमाणे धावा होत नसता पैसे घेत राहणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. रिक्षावर चालणाऱ्या घरात दहा हजारांचे मोल काय असते, हे सांगावयास नको. मुलाच्या खांद्यावरचे ओझे उतरविण्याची ही एक रीत आहे, असे आम्हांस वाटते. पैसा गेला. मुलगा घरचाच राहिला.

त्याच सामन्यात दुसराही एक संघ होता. त्याचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. प्रणवच्या संघाने तीन गडी गमावून १४६५ धावांवर डाव घोषित केला होता. चेंडूमागे धावून दमलेली ती मुले संध्याकाळी घरी परतली असतील, तेव्हा त्यांना कोणी काय विचारले असेल? वर्तमानपत्रांना त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. आईवडिलांना मात्र होते. खेळाडू मुलाचे मन मैदानावर जितके घडते, त्याहून अधिक ते घरी परतण्याच्या वाटेवर आणि जेवणाच्या ताटावर घडते.

म्हणून पालकांना आमची काही साधी मागणी आहे. सामना संपताच चुकांचा पाढा वाचू नये; मुलाला आधी पाणी द्यावे, जेवू द्यावे. पंचाचा निर्णय चुकला असे वाटले तरी मुलासमोर पंचाला बोल लावू नये, कारण तेथूनच सबब सांगण्याची सवय जडते. प्रतिस्पर्ध्याचा खेळ चांगला झाला असेल तर त्याची स्तुती आपण आधी करावी. सरावाचा नेम, सांघिक भावना, पराभवानंतर हात मिळविण्याचे धैर्य ह्या गोष्टी मुलाच्या हाती असतात. कौतुक त्यांचे व्हावे. पदक सर्वस्वी त्याच्या हाती नसते. प्राचीन करिंथजवळच्या क्रीडास्पर्धांत विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. तोही कोमेजत असे.

आम्ही आमचा प्रश्न बदलला आहे. आता आम्ही विचारतो, "आज खेळताना काय आवडले?" मुले प्रथम गोंधळतात, आणि मग बराच वेळ बोलत राहतात. तो मुलगा अद्याप मैदानावर परतलेला नाही. परंतु गेल्या रविवारी त्याचे वडील आमच्याकडे आले आणि ओशाळून म्हणाले, "फादर, पोराचे पाय वाढले, ते बूट आता होत नाहीत. नवे घ्यावेत का?" आम्ही म्हणालो, "आधी त्याला विचारा. आणि तो 'नको' म्हणाला, तरी त्याला घेऊन नदीकडे फिरायला जा."