कमानपाटे

आमच्या वणीकडच्या काळ्या मातीवर रस्ता टिकत नाही. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर तिच्यासोबत उचलतं, खचतं. त्यात कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालू. इथल्या गाडीचं इंजिन कितीही दणकट असो, ती आधी खालून जाते. कमानपाटे, बुश, शॉकअप.

बाबांची महिंद्राची जीप सरकारी लिलावातली होती. चारही चाकांवर कमानपाटे. पाटा मोडला की तिला अंगणातल्या कडुलिंबाखाली लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, बाबा आणि मिस्त्री खाली शिरायचे आणि मी पाने द्यायचो. नवा पाटा बसवायला फार वेळ लागत नसे. दिवस जायचा तो जुना काढण्यात. दुरुस्तीच्या पुस्तकांत काढण्याला दोन ओळी असतात, कारण त्या पुस्तकांतली गाडी नवी असते. राजूरच्या चुनाभट्ट्यांवरून, चिखलातून पावसाळे काढलेली गाडी निराळी.

पाट्याच्या टोकाचा बोल्ट सर्वांत हट्टी. तो रबरी बुशातल्या लोखंडी नळीतून जातो. नळीत पाणी शिरतं आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून बोल्ट आणि नळी एकजीव होतात. नट सुटतो, बोल्ट हलत नाही. घण मारावा तर रबर तो दणका गिळून टाकतं. मिस्त्री आदल्या संध्याकाळीच तारेच्या ब्रशनं आटे साफ करून डिझेल सोडायचा. मी पाना घेऊन पुढे झालो की म्हणायचा, "घाई नोको करू. लोखंडाले रातभर पिऊ दे." सकाळी तो बोल्ट आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा आवळायचा. गंजाची पकड अशी मागेपुढे करूनच मोडते. तरीही नाही हलला तर डिझेल नीट पुसून गॅसची ज्योत लावायची. बुश बदलायचंच असायचं, त्यामुळे रबर जळालं तरी चालायचं. उरलेली नळी करवतीनं चिरायची.

मोडका पाटा भंगारात गेलेला मला आठवत नाही. तो लोहाराकडे जायचा. स्प्रिंगचं पोलाद धार धरतं आणि लवकर बोथट होत नाही. भट्टीत लाल करून, ठोकून, पाणी देऊन त्याची वखराची पास व्हायची, विळे व्हायचे. आमची कपाशी अशाच पोलादावर निंदली गेली.

पुढे माझी स्वतःची गाडी आली, मारुती ८००. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली आणि काही वर्षांतच तालुक्याच्या गावांत दिसू लागली. पुढे पाटे नाहीत, गुंडाळी स्प्रिंगचे स्ट्रट. चाकापाशी बॉल जॉइंट असतो. त्याचा निमुळता दांडा आपल्या डोळ्यात, म्हणजे बसायच्या भोकात, असा रुततो की नट काढला तरी सुटत नाही. पहार घालून उचकटायला गेलं की रबरी टोपी फाटते. नट चार आटे सैल करून तसाच ठेवायचा, डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवायचा आणि समोरच्या बाजूनं दुसऱ्या हातोड्यानं नेमका फटका द्यायचा. डोळा क्षणभर दबतो आणि दांडा खट्‌कन निसटतो. स्ट्रट खोलताना मात्र जुगाड अजिबात नको. स्प्रिंग पकडीच्या स्क्रूंनी दाबून धरल्याशिवाय वरच्या नटाला हात लावायचा नाही. ती सुटली तर माणसाचं तोंड फोडते, जीवही घेऊ शकते.

आता दुसरा हातोडा माझी मुलगी धरते. मागच्या उन्हाळ्यात तिच्या गाडीच्या पुढच्या आर्मचे बुश आम्ही दोघांनी घरीच बदलले. जुने निघायला दुपार झाली. नवे बसल्यावर ती लगेच बोल्ट करकचून आवळायला निघाली.

"थांब, गाडी आधी चाकांवर उतरव."

"का हो बाबा?"

चाक लोंबकळत असताना बुश आवळलं, तर गाडी खाली टेकल्यावर त्याचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तिनं जॅक उतरवला, गाडी दोनदा दाबून बसवली आणि मग पाना लावला.