वहीतला लव्हाळा
दौंड स्टेशन, पहाट. पुण्याची गाडी यायला वेळ आहे. वहीत आजचा शब्द: रेझिलियंट. अर्थ लिहिला, आघातानंतर पुन्हा उभा राहणारा. कोशातलं उदाहरण अर्थव्यवस्थेचं. ते मनात रुजेना. मग भीमेच्या पुरात आडवा पडून पाणी ओसरल्यावर ताठ होणारा लव्हाळा आठवला. त्यावर वाक्य केलं आणि शब्द माझा झाला. परवा शिरूरला घोडनदीकाठी ‘एफेमरल’ असाच भेटला: उसाच्या पानावरचं दंव, उन्हाबरोबर गेलेलं.

मोल्सवर्थांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशातही नुसते अर्थ नाहीत, बोलण्यातले वाक्प्रचार आहेत. शब्द वापरातच कळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रात्री आईला लव्हाळ्याचं वाक्य सांगितलं. म्हणाली, “म्हणजे चिवट, होय ना?”

तोही शब्द शेजारी लिहिला.