पॉवर टिलरचं हेड गॅस्केट आणि आठ दिवसांची लावणी

मंडळी, लावणी उरकली. यंदा लावणीच्या ऐन मध्यात टिलरचं हेड गॅस्केट गेलं. या महिन्यात महाड-पोलादपूर भागातल्या कुठल्याही वाडीत हे घडू शकतं, म्हणून काय तपासलं, काय केलं आणि किती दिवस गेले ते क्रमाने लिहून ठेवतो. कृषी खात्यातली आणि विद्यापीठातली मंडळीही हे पान वाचतात, त्यांच्यासाठी शेवटी रोपाच्या वयाचा मुद्दा आहे.

आधी मशीन. एका सिलेंडरचा, तेरा हॉर्सपॉवरचा आडवा डिझेल टिलर, वय पंधरा वर्षांच्या पुढे. माझ्याकडे दोन हंगामांपूर्वी जुना म्हणून आला. याला पाण्याचा पंप नाही. गरम झालेलं पाणी आपोआप वर चढतं, वर निवतं आणि परत येतं. साधी रचना आहे, पण पाणी कमी झालं तर सांगणारं कुणी नाही.

८ जुलैला वरच्या दोन खाचरांची चिखळणी चालू होती. पाऊस तरणा, पाणी भरपूर. टिलर नेहमीसारखा ओढत होता, पण रेडिएटरच्या तोंडातून पाणी उसळून बाहेर पडायला लागलं. थांबवलं, निवू दिलं, पाणी भरलं. अर्ध्या तासात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी धूर पांढरा झाला आणि चाकं चिखलात रुतली की ताकद कमी पडायला लागली. तिथेच बंद केला.

राब १५ जूनला पेरलेला. म्हणजे त्या दिवशी रोप २३ दिवसांचं. ३२ गुंठ्यांची चिखळणी बाकी. वाडीत बैलजोडी आता एकच, तीही दुसऱ्याच्या कामावर. भाड्याचा टिलर विचारला तर जो तो स्वतःच्या खाचरात. सावडीच्या बायका पुढच्या आठवड्यासाठी ठरलेल्या. त्यांना आज नाही उद्या या म्हणता येत नाही, त्यांचीही लावणी असते.

एका मेस्त्रीने फोनवर ऐकूनच सांगितलं, "इंजिन खोलायला लागेल. लायनर, पिस्टन, रिंगा सगळं. आठ-दहा दिवस धरा." दुसरे आमच्या ओळखीचे वयस्कर मिस्त्री पोलादपुरात असतात. ते म्हणाले, "भाऊ, आधी बघून घे. पाणी बाहेर जातंय का आत जातंय, तेवढं मला सांग. मग काय खोलायचं ते ठरवू."

त्यांनी सांगितलेल्या तीन तपासण्या घरी कुणालाही करता येतात.

पहिली, बुडबुडे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढायचं. गरम असताना झाकणाला हातच लावायचा नाही, वाफेने तोंड भाजतं. पाणी तोंडापर्यंत भरायचं. इंधन बंद ठेवून हँडल सावकाश फिरवायचं. पिस्टन दाब घेतो त्या क्षणाला पाण्यात बुडबुडे आले, तर सिलेंडरमधली हवा पाण्याच्या वाटेत शिरते आहे. आमच्याकडे दर फेरीला बुडबुडे येत होते. पाणी उकळून नव्हे, हवेच्या दाबाने बाहेर फेकलं जात होतं.

दुसरी, ऑइल. थोडं ऑइल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवायचं. पाणी असेल तर तळाला बसतं, जास्त असेल तर ऑइलच दुधाळ दिसतं. आमचं ऑइल काळं होतं, पण तळाला पाणी नव्हतं. हा फरक महत्त्वाचा. बुडबुडे नाहीत आणि ऑइलमध्ये मात्र पाणी आहे, तर संशय लायनरच्या खालच्या रबरी रिंगांवर जातो. मग लायनर काढावा लागतो आणि ते काम खरंच मोठं असतं.

तिसरी, दाब. डिकॉम्प्रेशनचा खटका सोडून हँडल मारलं की हाताला चांगला ठोसा बसायला हवा. आमच्याकडे ठोसा होता, पण धरून ठेवला तर लगेच विरत होता.

तिन्हींचं उत्तर एकच आलं, गॅस्केट किंवा हेड. सगळं इंजिन खोलायची गरज नव्हती. एवढ्या तपासणीने आठ-दहा दिवस वाचले.

९ तारखेला सकाळी पडवीतच हेड खोललं. पाणी काढलं, डिझेलची नळी सुटी केली आणि तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं. सायलेन्सर, रॉकर, पुशरॉड निघाले. पुशरॉड जसे निघाले तसेच खुणा करून ठेवले. हेडच्या नटा एकदम सोडायच्या नाहीत. समोरासमोरच्या, थोड्या थोड्या करून सगळ्या सैल करायच्या, नाहीतर हेड वाकतं.

जुनं गॅस्केट हातात आलं की ते स्वतःच सगळं सांगतं. एका बाजूला सिलेंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत काळी जळकी रेघ गेलेली. त्याच बाजूला गॅस्केटवर दाबाची खूण फिकट, समोरच्या बाजूला खोल. म्हणजे पूर्वी कधीतरी हेड बसवताना एक बाजू कमी आवळली गेली होती. शिवाय हेडचं पाण्याचं भोक गंजाने खाल्लेलं. वर्षानुवर्षं पऱ्ह्याचं पाणी ओतलं की गाळही बसतो आणि गंजही चढतो.

हेडची पाठ कार्बन खरवडून साफ केली. लाकडाची चपटी पट्टी आणि रॉकेल घेतलं, पटाशी नाही. ओरखडा पडला तर तीच पुढची गळती. मग सरळ स्टीलची पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेजची पाती घालून पाहिली. ०.१५ मि.मी.ची पाती एका कोपऱ्यात सहज गेली. माझ्या मॉडेलच्या पुस्तकातली मर्यादा याहून कमी आहे. नुसतं नवीन गॅस्केट टाकलं असतं तर चार दिवसांत हेच पुन्हा झालं असतं.

त्याच पट्टीने ब्लॉकची बाजूही तपासली. ओल्या लायनरच्या इंजिनात लायनरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा केसभर वर असते, तीच गॅस्केटला चावून धरते. कड खाली बसली असेल तर गॅस्केट कितीही बदला, टिकत नाही. आमची कड सगळीकडून सारखी वर होती. तेवढं नशीब.

हेड घेऊन महाडला गेलो आणि फेसिंग करून आणलं. कारागिराला एकच सांगायचं, पातळी येईल तेवढंच घ्या. जास्त घासलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. आणल्यावर व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपासून किती आत आहेत ते मोजून पुस्तकाशी ताडून पाहिलं. गॅस्केट घेताना जुनं सोबत नेलं आणि भोकं व जाडी दोन्ही जुळवली. दिसायला सारखी गॅस्केटं जाडीत वेगळी निघतात.

१० तारखेला जोडणी. दोन्ही पाठी कोरड्या, स्टडचे आटे साफ, आट्यांना किंचित ऑइल. गॅस्केटला काही चोपडलं नाही, कारण या प्रकाराला लागत नाही. टॉर्क रेंच मिस्त्रींचाच आणला. नटा समोरासमोर, तीन टप्प्यांत, शेवटचा आकडा पुस्तकातला. "हाताचा अंदाज" म्हणून आवळलेलं हेड आम्ही नुकतंच खोलून पाहिलं होतं. मग टॅपेटची फट धरली, डिझेलची एअर काढली, पाणी भरलं आणि हँडल मारलं. ठोसा बसला. झाकण उघडं ठेवून वीस मिनिटं चालवला, बुडबुडा नाही. थंड झाल्यावर, आमच्या पुस्तकात सांगितलंय तसं, नटा पुन्हा टॉर्क रेंचने तपासल्या. त्यातल्या दोन थोड्या फिरल्या. टॅपेटही पुन्हा पाहिलं.

११ तारखेपासून चिखळणी आणि मागोमाग लावणी. १५ जुलैला शेवटच्या खाचरात रोप गेलं तेव्हा ते ३० दिवसांचं होतं.

आता रोपाचा मुद्दा. वरच्या खाचरांत कर्जत-३ आहे, हळवं. हळव्या भाताचं रोप २१ ते २५ दिवसांत लावलेलं बरं. गरव्याला चार दिवस इकडे-तिकडे चालतात, कारण फुटवे धरायला त्याच्याकडे वेळ असतो. हळव्याचं तसं नाही. रोपाचं वय राबातच गेलं की शेतात फुटव्याला दिवस कमी पडतात आणि लवकर निसवतं. म्हणून २६ दिवसांच्या पुढचं रोप लावताना चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच काड्या घेतल्या, अंतर थोडं कमी केलं आणि शेंडे खुडले नाहीत. राबात रोप जास्त होतं म्हणून हे जमलं. सगळ्यात शेवटच्या दोन खाचरांना काठी लावून खूण केली आहे. २५ दिवसांच्या आत लावलेल्या खाचराशी त्यांचे फुटवे आणि लोंब्या मोजून इथे आकडे देईन. अशा उशिराच्या लावणीवर कुणाचे स्वतःचे आकडे असतील तर जरूर टाका.

टिलरवाल्यांसाठी एवढंच:

पाणी वारंवार कमी होत असेल तर भरत राहू नका, त्याच दिवशी बुडबुडे तपासा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. पऱ्ह्याचं गढूळ पाणी टाळा, पत्र्यावरचं पावसाचं पाणी गाळून पिंपात साठवा आणि त्यात कूलंट घाला. चिखळणी झाली की रेडिएटरच्या जाळीतला चिखल ओला असतानाच धुवा. आणि एक गॅस्केट मे महिन्यातच आणून भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवा. दुमडू नका.

आमच्या वाडीत टिलर पाच आहेत, टॉर्क रेंच एकही नव्हता. आता पाच घरांनी मिळून एक घ्यायचं ठरलंय. तो माझ्या पडवीत राहील. ज्याला लागेल त्याने न्यावा, वापरून झाल्यावर पुसून, सैल करून परत आणावा.