मेळघाटचा वणवा आणि त्याची राखण



परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एस. टी. घटांगच्या वळणांना लागली, की डोंगर दोन्ही अंगांनी जवळ येतात. मेळघाट पाहायला लोक श्रावणात जातात. धबधबे, धुके, हिरवळ पाहून परततात. तुम्ही मात्र एकदा फाल्गुनात जा. सागाने पाने टाकलेली असतात. एकेक पान पत्रावळीएवढे, आणि त्यांचा घोटाघोटा थर जमिनीवर साचलेला. पाऊल टाकले की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. उतारांवर तिखाडी गवत वाळून पिवळे पडलेले असते. हेच ते रोशा गवत. सातपुड्यात त्याचे तेल काढीत. तेलाचे गवत पेटायला किती वेळ लागणार?

सेमाडोह, कोलकास, हरिसाल अशी गावे मागे पडतात आणि मैलोनमैल हेच सरपण अंथरलेले दिसते. मग मनात प्रश्न येतो, की हे सगळे जंगल दरवर्षी जळून राख का होत नाही? ते आपोआप वाचत नाही, वाचवले जाते. ते कसे, हे आज तुम्हांला सांगायचे आहे, कारण त्यात आपला, म्हणजे शेतकऱ्याचा, वाटा मोठा आहे. नुकसानीतही आणि राखणीतही.

हे जंगल आपले काय लागते?

व्याघ्र प्रकल्प 1973 साली सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी मेळघाट एक. आज हा प्रकल्प दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक भूमीवर पसरला आहे. कोणी म्हणेल, वाघाचे जंगल वाघाला, आम्हांला काय त्याचे? पण पाण्याकडे पाहा. सिपना, गडगा, खापरा ह्या नद्या ह्याच डोंगरांतून निघून तापीला मिळतात. दक्षिणेकडच्या गाविलगडच्या उतारांवरून शहानूर, चंद्रभागा ह्या नद्या पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात. अचलपूर, अंजनगाव भागातल्या संत्र्याच्या बागांच्या विहिरींचे नाते ह्याच डोंगरांशी आहे.

वणवा गेला की जमिनीवरचा पाचोळा जातो. उघड्या मातीवर मृगाची पहिली सर आदळते, राख आणि वरची माती घेऊन नाल्याला लागते. मुरायचे पाणी वाहून जाते आणि माती धरणात जाऊन बसते. म्हणजे डोंगरावर चैत्रात लागलेली आग खालच्या शेतकऱ्याला पुढच्या उन्हाळ्यात विहिरीत दिसते.

आग लागते कशी?

बांबूवर बांबू घासून आग लागते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. खरी गोष्ट अशी, की आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. आणि लावणारा दर वेळी दुष्ट असतो असेही नाही. त्याला त्याची त्याची कारणे असतात.

पहिले कारण मोहाचे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पहाटे टपटप गळते. खाली पाचोळा असला तर फूल दिसत नाही. म्हणून झाडाखाली जाळ लावून जागा मोकळी करतात. एका कोरकू आजींना मी एकदा म्हटले, "आजी, पाला जाळू नका, झाडून घ्या." त्या म्हणाल्या, "साहेब, माही वीस झाडं हायेत. झाडू कोण देईल अन् कंबर कोण देईल?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मोहफूल हे त्या घराचे नगदी पीक आहे. ते पीक हाती येईल अशी दुसरी सोय दिल्याशिवाय नुसत्या मनाईने ही आग थांबत नाही.

दुसरे कारण तेंदूपानाचे. जाळले की नवी पालवी चांगली फुटते, अशी समजूत. झुडपे जमिनीलगत नीट छाटली तरी तशीच पालवी येते, फक्त मेहनत लागते. तिसरे कारण गवताचे. जुने जाळले की गुरांना कोवळे मिळेल, हा हिशोब. आणि चौथे कारण म्हणजे आपला धुरा. जंगलालगतच्या वावरात पऱ्हाटी, तुराट्या, धुऱ्यावरचा काडीकचरा पेटवून माणूस भाकर खायला घरी जातो. दुपारी वारा सुटतो. बाकीचे सांगायला नको.

सातपुड्यातला जुना धडा

वणवा अडवता येतो, हेच एकेकाळी कोणाला पटत नव्हते. जंगल दर उन्हाळ्यात जळायचेच, असे इंग्रज अधिकारीही धरून चालत. 1860 नंतरच्या दशकात ह्याच सातपुड्यात, आज मध्य प्रदेशात असलेल्या बोरीच्या जंगलात, पिअर्सन नावाच्या वनाधिकाऱ्याने प्रयोग केला. रेषा काढल्या, राखण बसवली, आणि ते जंगल जळू दिले नाही. तेव्हापासून देशभर वनखात्याने ही पद्धत उचलली.

पुढे दुसरी बाजूही कळली. ब्रह्मदेशातल्या सागवनांत आग अगदी बंद केल्यावर नवी सागाची रोपे येईनाशी झाली, अशी तक्रार तिथल्या वनाधिकाऱ्यांनीच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली. शिवाय वर्षानुवर्षे न जळलेला पाचोळा साचला, की पुढची आग अधिक भडकते. म्हणून आज शहाणा वनाधिकारी आग कुठे नको आणि कुठे, केव्हा, किती हवी, असा दोन्ही बाजूंनी विचार करतो. चुलीत आग हवी, छपरावर नको, तसे हे आहे.

कामाचे पंचांग

आता राखणीचे काम कसे चालते ते पाहा. आपल्याकडे वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. पण वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचे काम दिवाळीनंतरच सुरू होते, जसे आपले खरिपाचे काम उन्हाळ्यातल्या नांगरटीने सुरू होते.

आधी नकाशा. मागच्या वर्षी कुठे कुठे आग लागली, कोणत्या वाटेने माणसे जातात, मोहाची झाडे कुठे दाट आहेत, पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या वावरांत गवत किती माजले आहे, हे टिपून ठेवायचे. कुंड, बोरी, कोहा ह्या गावांचे असे पुनर्वसन झाले आणि त्यांच्या शेतांची कुरणे झाली. हरणांना, गव्यांना ती उत्तम, पण ठिणगीलाही उत्तम.

मग जाळरेषा. रस्त्याच्या कडेने, हद्दीवरून, डोंगराच्या धारेवरून ठरावीक रुंदीचा पट्टा आखतात. गवत कापून तिथेच वाळवतात आणि फेब्रुवारीच्या आधी, हवेत गारवा आणि जमिनीवर दव असताना, माणसे दोन्ही कडांना उभी करून ते जाळतात. पट्टा काळा झाला की पुढे येणाऱ्या आगीला तिथे खायला काही उरत नाही. मात्र पुढेही पानगळ चालूच असते, म्हणून रेषा पुन्हा पुन्हा झाडावी लागते. पूर्वी हे काम झाडूने आणि फांद्यांनीच होई. आता पाठीवर बांधायचे ब्लोअर आले आहेत. आपल्या फवारणी पंपासारखे दिसते, पण औषधाऐवजी जोराची हवा मारते. पाचोळा दूर उडतो आणि छोटी आगही त्याने मागे रेटता येते.

तिसरी गोष्ट माणसे. हंगामापुरते रखवालदार लागतात आणि ते बहुधा आसपासच्या गावांतलेच असतात. उंच जागी मचाण किंवा मनोरा असतो. तिथे बसलेला माणूस दिवसभर एकच काम करतो, धूर शोधतो.

चौथी गोष्ट नवी आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या जागा 2004 सालापासून राज्यांना कळवते. आता संदेश थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो, कोणत्या बीटमध्ये आग दिसते त्यासह. पण उपग्रह दिवसातून काही ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. मधल्या तासांत लागलेली आग मचाणावरच्या डोळ्यालाच दिसते. आणि संदेश आला तरी डोंगर चढून जायला पाय लागतातच.

आगीसमोर

आग लागली म्हणजे सगळ्यांनी धावत सुटायचे, असे आपल्याला वाटते. चांगला अधिकारी आधी थांबतो आणि चार गोष्टी पाहतो. वारा कोणीकडचा? उतार कसा? आग कशात आहे, गवतात की पाचोळ्यात? आणि माणसांना परत यायची वाट कोणती?

हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. आग चढावर झपाट्याने धावते, कारण तिची धग वरचे गवत आधीच वाळवून तापवून ठेवते. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला उभे राहायचे नाही. अरुंद घळीत तर शिरायचेच नाही, कारण घळ धुराड्यासारखी ओढते. टोळीतला एक जण आग न विझवता फक्त वाऱ्याकडे आणि आगीकडे लक्ष ठेवतो. काम जळून गेलेल्या काळ्या जमिनीच्या कडेने, आगीच्या पाठीकडून आणि बाजूंकडून सुरू करतात. हिरव्या फांद्यांनी ज्वाला दाबत दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत धरतात. आग फारच मोठी असेल तर पुढच्या रस्त्यावर किंवा जाळरेषेवर जाऊन तिथून तिच्या दिशेने दुसरी आग लावतात. दोन्ही समोरासमोर आल्या की संपतात. पण हे काम जाणत्याचेच. वाऱ्याचा अंदाज चुकला तर एकाच्या दोन आगी होतात.

ज्वाला दिसेनाशी झाली तरी काम उरतेच. पेटलेला ओंडका उतारावरून घरंगळत खाली जातो आणि नवी आग लावतो. जुने खोड आतून धुमसत राहते. रात्रभर, कधी दुसऱ्या दिवशीही, कोणीतरी तिथे बसून राहावे लागते.

हे किती जिवावरचे काम आहे ते विसरू नका. 8 एप्रिल 2021 रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांना प्राण गमवावे लागले आणि इतर काहीजण भाजले. मजुरीवर आलेली ही माणसे होती. आपल्यासारखीच घरदार, वावर असलेली. कोणीतरी टाकलेल्या एका ठिणगीची किंमत अशी दुसऱ्याचे घर मोजते. म्हणून आग विझवणाऱ्या टोळीच्या पुढाऱ्याचा पहिला हिशोब हेक्टरांचा नसतो. सकाळी किती माणसे नेली आणि संध्याकाळी किती परत आणली, हा असतो.

गावाने मनावर घेतले तर

मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यात पायविहीर नावाचे गाव आहे. 2012 साली त्या गावाला वनहक्क कायद्याखाली भोवतालच्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. उजाड झालेली जमीन गावाने राखली, झाडे लावली, आणि तिथली सीताफळे विकून उत्पन्नही मिळवले. ज्या जंगलातून घरात पैसा येतो त्याला आग लागली, तर निरोपाची वाट कोण पाहील? हातातले काम टाकून माणूस धावेल.

मोहाचेही तसेच आहे. झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली, की फूल स्वच्छ मिळते, मातीराख लागत नाही, आणि त्या आजींची कंबरही वाचते. अशी जाळी घरोघर पोचवणे हे वणवा विझवण्याचेच काम समजा.

आपल्या धुऱ्यावर

आता आपल्या घरचे. तुमचे वावर जंगलाला लागून असेल तर एवढे करा.

पऱ्हाटी, तुराट्या पेटवू नका. श्रेडरने बारीक करून खतात घाला. जाळताना त्यांतला जवळजवळ सगळा नत्र हवेत उडून जातो, आणि तोच नत्र आपण पुढे पोत्याने विकत आणतो. धुऱ्यावरचे गवत विळ्याने कापा. वावर आणि जंगल ह्यांच्या मध्ये नांगराची चार-पाच तासे मारून ठेवा. उघडी माती ही शेतकऱ्याची जाळरेषाच आहे. चूल, शेकोटी, विडी विझल्याची खात्री हात लावून करा. वनरक्षकाचा नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि धूर दिसताच कळवा.

कायदाही माहीत असू द्या. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 प्रमाणे राखीव वनात आग लावणे, किंवा वनाला धोका होईल अशी आग पेटती सोडणे, हा गुन्हा आहे. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्कही काही काळ बंद ठेवू शकते. म्हणजे एकाने काडी लावायची आणि साऱ्या गावाची गुरे दावणीला राहायची. शिवाय जंगलात हक्क असलेल्यांनी आग कळवावी आणि विझवायला मदत करावी, असेही हाच कायदा कलम 79 मध्ये सांगतो.

येत्या पौषात तुमच्या गावच्या जंगलात जाळरेषा काढायला सुरुवात होईल. त्या दिवशी गावातली चार तरणी पोरे विळे घेऊन बरोबर धाडा. थंडीतले ते एका दिवसाचे काम चैत्रातल्या आठ दिवसांच्या धावपळीतून वाचवते, आणि कोणाच्या तरी घरचा माणूसही वाचवते.